हुकलेला चेंडू आणि भिंतीकडेची खुर्ची : स्नूकर, नैराश्य आणि दीडशे वर्षे

१/ स्नूकर या खेळाचे नाव मुळात एका चुकीची थट्टा आहे. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये एका तरुण अधिकाऱ्याचा सोपा चेंडू हुकला आणि सहकाऱ्याने त्याला ‘स्नूकर’ म्हणून हिणवले. या थट्टेतून ज्या खेळाला नाव मिळाले, त्यात पुढे हुकलेल्या चेंडूची किंमत वाढत गेली. ती किंमत खेळाडूंच्या मनाने कशी चुकवली, याचा हा धागा.

२/ जबलपूर १८१७-१८ च्या युद्धापर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. नंतर ते इंग्रजांचे लष्करी ठाणे झाले. पावसाळ्यात कवायत बंद पडली की अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलाभोवती जमत. डेव्हनशायर रेजिमेंटमधील नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने त्या काळी प्रचलित असलेल्या पैजेच्या खेळांत निरनिराळ्या रंगांचे चेंडू मिसळले आणि एक नवाच खेळ मांडला.

३/ वूलिच येथील लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या कॅडेटला ‘स्नूकर’ म्हणत; अर्थ एवढाच की हा अजून कच्चा. चेंबरलेन यांनी तोच शब्द चुकणाऱ्या गड्याला लावला आणि मग समजूत घालण्यासाठी ‘या खेळात आपण सगळेच स्नूकर’ असेही म्हटले. १८८२ च्या सुमारास उटीच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावले गेले. (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले नेव्हिल चेंबरलेन वेगळे.)

४/ स्नूकरचे टेबल न पाहिलेल्या वाचकालाही या खेळातला ताण समजू शकतो. अकोले तालुक्यातील राजूरपासून गिरगावच्या चाळीपर्यंत ज्याने कॅरम खेळला आहे, त्याला तो ठाऊक आहे. समोरच्याची सोंगटी पडत राहते तोवर त्याचीच पाळी. आपला स्ट्रायकर हातात नसतो, बोर्ड रिकामा होत जातो आणि आपण नुसते पाहत बसतो.

५/ कॅरममध्ये हा अनुभव काही मिनिटांचा. स्नूकरमध्ये तो तासन्‌तासांचा होतो. बारा फूट लांब, सहा फूट रुंद टेबल. पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा असे बावीस चेंडू. प्रतिस्पर्धी चुकेपर्यंत दुसऱ्या खेळाडूने भिंतीकडेच्या खुर्चीत बसायचे. बोलायचे नाही, हलायचे नाही, प्रतिकारही करायचा नाही. टेनिसपटूला निदान चेंडू परतवता येतो. इथे खुर्चीतल्या माणसाला आपल्याच मागच्या चुकीकडे पाहत राहण्यावाचून दुसरे काम नसते.

६/ संघ नाही, राखीव गडी नाही, फ्रेम चालू असताना प्रशिक्षकाचा शब्द नाही. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालेल्या फलंदाजाला तंबूत दहा सोबती भेटतात. स्नूकरचा खेळाडू हरतो तो एकटा. या खेळाच्या मानसिक इतिहासाची सुरुवात खेळाडूंच्या स्वभावापासून नव्हे, तर खेळाच्या या घडणीपासून करावी लागते.

७/ पहिली जागतिक व्यावसायिक स्पर्धा १९२७ साली झाली. विजेते जो डेव्हिस यांच्या हाती पडलेली रक्कम होती साडेसहा पौंड. १९४६ पर्यंत ते या स्पर्धेत अपराजित राहिले आणि पंधरा विजेतेपदे मिळवून बाजूला झाले. त्या काळात खेळाडूच्या मनाची चर्चा ‘धीर’ या एका शब्दात संपत असे. धीर असला तर जिंकणार, नसला तर हरणार. धीर का सुटतो, हे विचारण्याची रीत नव्हती.

८/ याच काळात पुण्यात एक मुलगा वाढत होता. विल्सन जोन्स, जन्म २ मे १९२२. पुणे लष्कर परिसराच्या त्या मिश्र जगातून आलेल्या या अँग्लो-इंडियन खेळाडूने १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद जिंकले. कोणत्याही खेळात वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवणारा हा पहिला भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले. राष्ट्रीय पातळीवर बिलियर्ड्सची बारा आणि स्नूकरची पाच विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत.

९/ येथे ‘हौशी’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. जोन्स यांच्या पिढीला खेळावर पोट भरता येत नव्हते. ही उपेक्षा होतीच; मात्र तिची दुसरी बाजूही आहे. चेंडू हुकला तर चषक जाई, घरभाडे जात नसे. पराभवानंतर परतण्यासाठी खेळाबाहेरचे एक आयुष्य शिल्लक राही. व्यावसायिक खेळाडूच्या बाबतीत ही भिंतच कोसळते.

१०/ उपेक्षेचा सल मात्र खरा होता. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ साली जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद जिंकले. १९८१ मध्ये त्यांनी पद्मश्री नाकारली. सुनील गावसकरांना पद्मभूषण आणि विश्वविजेत्या बिलियर्ड्सपटूला पद्मश्री, हा भेद त्यांना मान्य नव्हता. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. एकट्याने खेळल्या जाणाऱ्या, मैदानावर नव्हे तर बंद खोलीत चालणाऱ्या खेळाला समाज किती मोजतो, हा प्रश्न त्या नकारातून प्रथमच उघडपणे विचारला गेला.

११/ तिकडे इंग्लंडमध्ये सर्व काही बदलत होते. रंगीत दूरचित्रवाणी आली आणि रंगीत चेंडूंचा हा खेळ पडद्यासाठीच बनल्यासारखा ठरला. बीबीसीने १९६९ मध्ये ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम सुरू केला. १९७७ पासून जागतिक स्पर्धा शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात होऊ लागली. प्रेक्षागृह जेमतेम हजारभर खुर्च्यांचे. पहिली रांग टेबलापासून काही पावलांवर.

१२/ १९८५ च्या अंतिम सामन्यात डेनिस टेलर यांनी स्टीव्ह डेव्हिस यांना १८-१७ असे हरवले, तेही शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूवर. मध्यरात्र उलटून गेलेली असताना ब्रिटनमध्ये तो सामना १ कोटी ८५ लाख लोक पाहत होते. जबलपूरच्या मेसमध्ये हुकलेला चेंडू चार-सहा सोबत्यांनी पाहिला होता. आता हुकलेला चेंडू जवळजवळ एक तृतीयांश देश पाहत होता, आणि त्या पाठोपाठ कॅमेरा खुर्चीतल्या चेहऱ्याकडे वळत होता.

१३/ ताण आधी मनातून नव्हे, हातातून प्रकट झाला. कॅनडाचे बिल वर्बेनिक यांना हात थरथरण्याचा विकार होता. कंप थांबावा म्हणून ते सामन्याआधी आणि सामन्यादरम्यान प्रचंड प्रमाणात बिअर पीत आणि हृदयाची गती मंदावणारी बीटा-ब्लॉकर गोळी घेत. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या गोळ्यांवरून मोठा वाद पेटला. इतरही काही खेळाडू त्या घेत असल्याचे उघड झाले आणि त्यांच्यावर बंदी आली. वर्बेनिक यांची कारकीर्द तिथेच संपत गेली.

१४/ या वादाची त्या काळची भाषा पाहण्यासारखी आहे. चर्चा झाली ती नियमभंगाची, अवैध लाभाची. इतक्या खेळाडूंना हात स्थिर ठेवण्यासाठी औषध का लागते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. १९८५ साली कर्क स्टीव्हन्स यांनी कोकेनच्या व्यसनाची जाहीर कबुली दिली, तेव्हाही ती बातमी ‘बदनामी’ म्हणून छापली गेली, ‘आजार’ म्हणून नव्हे.

१५/ बेलफास्टचे अलेक्स हिगिन्स यांचे उदाहरण सर्वांना माहीत असते. १९७२ आणि १९८२ चे विश्वविजेते. दारू, भांडणे, निलंबन, घशाचा कर्करोग आणि २०१० मध्ये एकाकी मृत्यू. त्यांना नैराश्य होते, असे आज अनेकजण सहज म्हणून टाकतात. इतिहासाच्या अभ्यासात हा मोह टाळावा लागतो. मृत व्यक्तीचे निदान करणे हे इतिहासकाराचे काम नाही. ज्यांनी स्वतः आपल्या आजाराचे नाव घेतले, त्यांच्याच साक्षीवर पुढचा भाग उभा आहे.

१६/ असे नाव घेणारा सर्वांत मोठा आवाज रॉनी ओ’सलिव्हन यांचा. जन्म १९७५. १९९२ मध्ये ते व्यावसायिक झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या वडिलांना खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली. पुढल्या वर्षी, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी स्टीफन हेंड्री यांना हरवून यूके अजिंक्यपद जिंकले. काही वर्षांनी करचुकवेगिरीच्या गुन्ह्यात आईही तुरुंगात गेली. जग ‘अलौकिक प्रतिभा’ म्हणत होते. मुलाच्या घरी कोणी नव्हते.

१७/ २००० साली ते व्यसनमुक्तीसाठी लंडनच्या प्रायरी रुग्णालयात दाखल झाले. २००१ च्या जागतिक स्पर्धेच्या काळात ते नैराश्याविषयी उघडपणे बोलले. ‘समॅरिटन्स’ या मदतवाहिनीला फोन केल्याचे आणि डॉक्टरांनी प्रोझॅक हे औषध सुरू केल्याचे त्यांनी लपवले नाही. त्याच स्पर्धेत ते पहिल्यांदा विश्वविजेते झाले.

१८/ या घटनेचा अर्थ लावताना दोन चुका होतात. एक, ‘दुःखामुळेच प्रतिभा फुलते’ असे मानणे. दोन, ‘जिंकला म्हणजे बरा झाला’ असे समजणे. पुढची वर्षे दोन्ही समजुती खोट्या ठरवतात. डिसेंबर २००६ मध्ये यूके अजिंक्यपदात हेंड्री यांच्याविरुद्ध १-४ असे मागे असताना त्यांनी सामना अर्धवट सोडला, हस्तांदोलन केले आणि ते चालते झाले. तेव्हा ते दोन वेळचे विश्वविजेते होते.

१९/ २०११ पासून ते मनोविकारतज्ज्ञ डॉ. स्टीव्ह पीटर्स यांच्याकडे जाऊ लागले. २०१२ चे विजेतेपद मिळवल्यावर जवळजवळ संपूर्ण हंगाम ते खेळापासून दूर राहिले आणि २०१३ मध्ये परतून पुन्हा विश्वविजेते झाले. २०२० आणि २०२२ धरून एकूण सात विजेतेपदे. तरीही जानेवारी २०२५ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी मास्टर्स स्पर्धेतून माघार घेतली. आजार एकदाच पार करायची नदी नसतो. ती दर पावसाळ्यात पुन्हा चढते, हे या आलेखातून दिसते.

२०/ मार्ग मोकळा झाला तसे इतरही बोलू लागले. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडचे मार्क ॲलन यांनी नैराश्याशी चाललेला झगडा सांगितला. जानेवारी २०२२ मध्ये मार्क सेल्बी यांनी, तेव्हा ते विद्यमान विश्वविजेते होते, मास्टर्समधील पराभवानंतर आपण मानसिकदृष्ट्या ठीक नसल्याचे आणि मदत घेणार असल्याचे समाजमाध्यमावर लिहिले. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांचे वडील कर्करोगाने गेले होते.

२१/ सेल्बी यांची ख्याती होती ती चिवटपणासाठी. तासन्‌तास बचाव करून समोरच्याला थकवणारा खेळाडू. ‘मन खंबीर असलेल्याला नैराश्य येत नाही’ या लोकसमजुतीला याहून ठोस उत्तर नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी इंग्लिश ओपन जिंकले. २०२३ च्या जागतिक अंतिम सामन्यात त्यांनी १४७ चा सर्वोच्च ब्रेक केला, क्रूसिबलच्या अंतिम सामन्यातला तो पहिलाच. तो सामना ते हरले.

२२/ शिखरावरच्यांची ही कथा. तळाशी काय चालते? व्यावसायिक मालिकेत साधारण १२८ खेळाडू असतात. नव्या खेळाडूला मिळणारे ‘टूर कार्ड’ दोन वर्षांचे. क्रमवारी बक्षिसाच्या रकमेवर ठरते आणि दोन वर्षांपूर्वीची कमाई हिशेबातून गळत जाते. म्हणजे मागचे यश जमा राहत नाही, ते सतत वजा होत असते. प्रवास आणि निवास खेळाडूच्या खिशातून. पहिल्याच फेरीत हरल्यास अनेक स्पर्धांत हाती काहीच येत नसे. २०२२-२३ च्या हंगामापासून किमान २०,००० पौंडांची हमी सुरू झाली, ती याच पार्श्वभूमीवर.

२३/ या जगात भारतातून गेलेले मोजकेच. १९८९ चे आशियाई विजेते, मुंबईचे यासीन मर्चंट हे सुरुवातीच्यांपैकी. त्यानंतर मुंबईचेच आदित्य मेहता. २०१३ मध्ये दिल्लीत झालेल्या इंडियन ओपनमध्ये ते अंतिम फेरीत पोहोचले. क्रमवारीच्या स्पर्धेत अशी मजल मारणारे पहिले भारतीय. अंतिम सामन्यात चीनच्या डिंग जुनहुई यांनी त्यांना ५-० असे हरवले. २०१४ मध्ये त्यांनी व्यावसायिक स्पर्धेत १४७ चा ब्रेक केला. पुढे मानेच्या दुखापतीने कारकीर्द खंडित झाली. २०१९ मध्ये ते राष्ट्रीय विजेते म्हणून परतले.

२४/ दुखापत दिसते, म्हणून तिला रजा मिळते. मन दुखावले तर रजेचा अर्ज कोणाकडे करायचा? ज्या खेळात क्यू धरणारा हात, श्वास आणि नजर यांचा मेळ केसभरही बिघडून चालत नाही, तिथे निद्रानाश हीसुद्धा दुखापतच असते. हे मान्य व्हायला व्यावसायिक स्नूकरला पाऊणशे वर्षे लागली.

२५/ दुसरे उदाहरण पंकज अडवाणी यांचे. जन्म पुण्याचा, २४ जुलै १९८५, घडण बंगळुरूची. २०१२ मध्ये ते व्यावसायिक मालिकेत उतरले. २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. आणि २०१४ मध्ये त्यांनी टूर कार्ड स्वतःहून परत केले. वर्षाचा मोठा भाग ब्रिटनमध्ये एकट्याने काढण्याऐवजी घरी राहावे आणि बिलियर्ड्स व स्नूकर दोन्ही खेळावे, असा तो निर्णय होता.

२६/ त्या वेळी अनेकांना ही माघार वाटली. दहा वर्षांनंतरचा हिशेब वेगळा आहे : नोव्हेंबर २०२४ पर्यंत २८ जागतिक विजेतेपदे. त्यांना ओएनजीसीसारख्या सार्वजनिक कंपनीतील नोकरीचा आधार होता. थोरले बंधू श्री अडवाणी हे स्वतः क्रीडा मानसशास्त्रज्ञ. घर, पगार आणि मनाविषयी बोलायला हक्काचे माणूस या तीन गोष्टी ज्याला मिळाल्या, तो टिकला. विल्सन जोन्स यांच्या ‘हौशी’ जगातली ती भिंत येथे नव्या विटांनी उभी राहिलेली दिसते.

२७/ महाराष्ट्रात खेळाडूच्या मनाचा विचार झालाच नाही, असे मात्र नाही. राजूरपासून फार दूर नसलेल्या नाशिकमध्ये भीष्मराज बाम यांनी तो आयुष्यभर केला. पोलीस सेवेतील अधिकारी असलेल्या बाम यांनी योगशास्त्रातील एकाग्रतेची सूत्रे खेळाला लावली. नेमबाज अंजली भागवत यांच्यासारख्या अनेक खेळाडूंना त्यांनी घडवले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. बिलियर्ड्सचे विश्वविजेते गीत सेठी यांनीही यश आणि आनंद यांपैकी खेळाडूने काय निवडावे, या प्रश्नावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

२८/ तरी एक भेद नोंदवायला हवा. एकाग्रता वाढवणे हे प्रशिक्षण आहे. नैराश्य बरे करणे हा उपचार आहे. धावपटूचा वेग वाढवणारा मार्गदर्शक आणि त्याचे मोडलेले हाड जोडणारा डॉक्टर यांची कामे जशी वेगळी, तशीच ही. आपल्याकडे पहिली परंपरा बऱ्यापैकी रुजली. दुसरीबद्दलचा संकोच मात्र फिटलेला नाही. भारतीय क्यू-खेळांच्या इतिहासात ओ’सलिव्हन किंवा सेल्बी यांच्यासारखे ठसठशीत जाहीर निवेदन आढळत नाही. याचा अर्थ इथे आजार नव्हता, असा नाही. मौन हाही पुरावाच असतो. फक्त तो कशाचा, हे जपून वाचावे लागते.

२९/ या मौनात भाषेचाही वाटा आहे. मराठीत ‘नैराश्य’ हा शब्द परीक्षेतल्या अपयशालाही लागतो आणि वैद्यकीय आजारालाही. त्यामुळे आजारी माणसाला ‘चार दिवसांत जाईल’ असे सांगितले जाते, आणि आजार चार दिवसांत गेला नाही तर दोष त्याच्या मनोबलाला लागतो. हा नकळत १८७५ चाच न्याय आहे : चेंडू हुकला, म्हणजे गडी कच्चा.

३०/ कायदा समाजाच्या थोडा पुढे गेला आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्याचा जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क मानला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी साहाय्य द्यावे, असे सांगितले. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक मुंबईतून जसा लावता येतो, तसाच राजूरमधूनही.

३१/ चेंबरलेन यांच्या त्या मूळ प्रसंगातील दुसरे वाक्य सहसा विसरले जाते. सोबत्याला ‘स्नूकर’ म्हटल्यावर त्याला वाईट वाटू नये म्हणून ते म्हणाले होते की, या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. थट्टा एका माणसाची होती, दिलासा सगळ्यांना होता. पुढच्या दीडशे वर्षांनी थट्टेचा शब्द खेळाचे नाव म्हणून जपला आणि दिलासा टाकून दिला. ओ’सलिव्हन, ॲलन, सेल्बी यांच्या कबुल्यांनी तो टाकून दिलेला अर्धा भाग परत आणला, एवढे त्यांचे ऐतिहासिक श्रेय निश्चित आहे.

(धागा समाप्त)